दोन बोटं कमी पडलेली दोरी
(काल्याचं कीर्तन)

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!

आज काला. काल्याच्या दिवशी आपल्या संप्रदायाची रीत अशी की वेदांत थोडा बाजूला ठेवायचा आणि गोकुळात जायचं. देवाचं बाळपण गायचं. परवा एकादशी झाली, काल तुम्ही प्रदक्षिणा केली. उद्या पौर्णिमेला गोपाळपुरात काला होईल. तिथं गेलात की जनाबाईचं जातं बघून या. साधू-संतांचा संसार म्हणजे किती? एक जातं, एक रांजण, आणि मुखात नाम. त्यात सगळं भागलं.

पण आपला संसार भागत नाही, महाराज! आणि घरात लेकरू जन्माला आलं की मुळीच भागत नाही. म्हणून आज मी विषय घेतलाय तो तुम्हाला जरा नवल वाटेल असा. लहान लेकराचा महिन्याचा खर्च. कुणी म्हणेल, बुवा, हा किराणा दुकानातला विषय, कीर्तनात कशाला? अहो, देव ज्या घरात रांगला, त्या घरात दूध होतं, लोणी होतं, दोरी होती, उखळ होतं. संसाराच्या जिनसा टाकून देवाची बाळलीला सांगताच येत नाही. आणि हा कार्तिक महिना दामोदराचा महिना. दामोदर हे नाव देवाला कुठं मिळालं? यशोदेच्या अंगणात, त्या दोरीनं. तीच कथा आज घेऊ. विठ्ठल, विठ्ठल!

भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे. नंदाच्या घरी दास-दासी काय कमी होत्या? पण त्या दिवशी दासी दुसऱ्या कामाला लागल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतः ताक घुसळायला बसली. कृष्ण आला, रवी धरली, म्हणाला, आई, भूक लागली. तिनं मांडीवर घेतलं, पदराखाली घेतलं. लेकरू दूध पितंय, आई त्याच्या तोंडाकडे बघतेय. तेवढ्यात काय झालं? चुलीवर ठेवलेलं दूध उतू जायला लागलं. यशोदेनं काय केलं? पीत असलेलं लेकरू खाली ठेवलं आणि दुधाकडे धावली!

थांबा इथं जरा. चुलीवरचं दूध कुणासाठी होतं? लेकरासाठीच ना? लेकरासाठी ठेवलेलं दूध वाचवायला लेकरालाच खाली ठेवलं. मायबाप हो, यशोदेला नावं ठेवायची आपली पात्रता नाही. पण ही कथा आपल्या प्रत्येकाच्या घरात रोज घडते. कोणासाठी राबतोस? लेकरासाठी. मग लेकरू कुठं आहे? ते झोपल्यावर घरी येतो, ते उठायच्या आत कामाला जातो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

देव रुसला. दगड मारला, दह्याचं मडकं फोडलं. आत जाऊन उखळावर बसून लोणी स्वतः खाल्लं, माकडांना वाटलं. यशोदा आली छडी घेऊन. देव घाबरला! ज्याला काळ भितो, तो आईच्या छडीला भ्याला. तिनं छडी टाकली आणि म्हणाली, बांधून ठेवते. दोरी आणली. गुंडाळली. दोन बोटं कमी पडली! दुसरी दोरी जोडली. दोन बोटं कमी. तिसरी जोडली. दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या झाल्या, गवळणी हसायला लागल्या, आणि दोरी काही पुरेना.

संस्कृतात दाम म्हणजे दोरी. ज्याच्या उदराला दाम बांधलं तो दामोदर. आणि आपल्या मराठीत दाम म्हणजे? पैसा! दाम करी काम. आता सांगा, यशोदेची दाम पुरली नाही तर आपलं दाम कुठून पुरणार? तारखेला पगार झाला, दूधवाल्याला दिले, दुकानाला दिले, हप्ता दिला, आणि पंचवीस तारखेला बघावं तर दोन बोटं कमी! पुढच्या महिन्यात ओव्हरटाइमची दोरी जोडली, तरी दोन बोटं कमी. उसनवारीची जोडली, तरी कमी. विठ्ठल, विठ्ठल!

एका गावी सप्ताहाला गेलो होतो. ज्या घरी उतरलो ते घर माळकरी, सुशील. मुलगा एमआयडीसीत कामाला, हातात १८,००० येतात. त्याला चार वर्षांची मुलगी आणि सात महिन्यांचा मुलगा. पोरगा सरळ, पण चेहऱ्यावर काळजी. रात्री कीर्तन झाल्यावर वही घेऊन आला. म्हणाला, महाराज, बाळाचा खर्च वेगळा लिहून ठेवलाय, तुम्हीच बघा, कुठं चुकतंय?

मी वाचलं. तुम्हीही ऐका आणि आपल्या घराशी ताडून बघा. डायपर दिवसाला पाच, एक साधारण १० रुपयांना, महिन्याचे १,५००. दुधाच्या पावडरीचे डबे पाच, ४५० चा एक, म्हणजे २,२५०. तयार खाऊची तीन पाकिटं, ९००. साबण, तेल, पावडर, ६००. दवाखाना आणि औषध, ८००. कपडे आणि खेळणी, ७००. आणि शेवटी एक रक्कम, २,४००. म्हटलं, बाबा, ही कशाची? तर म्हणाला, बारशाचा हप्ता. बारशाला पतसंस्थेतून ५०,००० काढले होते. मंडप, जेवण, फोटोवाला, डीजे. दोन वर्षं फेडायचं आहे. एकूण किती झाले? ९,१५०. अर्ध्याहून जास्त पगार सात महिन्यांच्या जिवावर! आणि त्या जिवाला विचारा, तुला डीजे पाहिजे होता का रे? ते बिचारं आवाजानं रडत होतं!

मी त्याला म्हटलं, बाळा, हिशोब चोख आहे. बेरजेत चूक नाही. पण या वहीत जे लिहिलेलं नाही ते मला दिसतंय. तीन माणसं गायब आहेत.

पहिलं माणूस, बाळाची आई. लेकराला पाजणाऱ्या बाईला रोज जवळजवळ एका जेवणाइतकं जास्त अन्न लागतं. वहीत तिच्या नावानं एक रुपया नाही. ती सगळ्यांचं झाल्यावर जेवते, उरलं तर भाजी, नाही तर चटणी-भाकरी. अहो, गाईला वासरू झालं तर आपण पेंड वाढवतो, आंबोण वाढवतो. का? दूध द्यायचं आहे तिला. गाईचं कळतं आणि घरातल्या लक्ष्मीचं कळत नाही? आईच्या ताटात वाढलेलं ते लेकराच्याच पोटात जातं. त्याच्यापेक्षा स्वस्त दुधाचा डबा जगात कुठल्या दुकानात नाही.

दुसरं माणूस, चार वर्षांची मुलगी. सकाळी मी बघितलं, बाळासाठी दूध उकळलेलं आणि ताईला चहा-बिस्किट. का? तर दूध पुरत नाही, ती आता मोठी झाली. चार वर्षांची मोठी झाली! बारसं विचारलं, हिचं कसं केलं होतं? म्हणाले, हिचं घरातल्या घरात. मायबाप हो, मी रागावून सांगत नाही, हात जोडून सांगतो. जनाबाई कोण होती? मुक्ताई कोण होती? चौदा वर्षांच्या चांगदेवाला, अहो चौदाशे वर्षांच्या म्हणतात त्या चांगदेवाला ज्ञान देणारी मुक्ताई. आपण माळ घालतो, मुक्ताईचं नाव घेतो, आणि घरातल्या मुक्ताईला चहाच्या पाण्यावर ठेवतो. ती दुधाची वाटी वाचवून आपण काय कमावणार?

तिसरं माणूस, तो स्वतः! मी म्हटलं, वहीत तुझा मावा कुठं आहे? गडी खाली बघायला लागला. बायको आतून म्हणाली, रोज ३० चा लागतो, महाराज. तीस तिसा नऊशे. म्हणजे लेकराच्या खाऊचे ९०० आणि बापाच्या माव्याचे ९००. देवानं तराजू कसा बरोबर धरलाय बघा!

विठ्ठल, विठ्ठल! हसा, पण मनात ठेवा.

आता कुणी म्हणेल, महाराज, खर्च बंद करा म्हणता का? लेकराच्या पोटाला चिमटा घ्या म्हणता का? नाही, बाबांनो. लेकराच्या खर्चात कंजुषी करणारा तुकोबांचा वारकरी नव्हे. मी एवढंच म्हणतो, कुठली दोरी लेकरासाठी आणि कुठली लोकांसाठी, हे वेगळं करा.

पहिली गोष्ट, आईचं दूध. जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्यायचं. जन्मल्याबरोबर मध चाटवायची रीत आहे, ती सोडा. वर्षाच्या आतल्या लेकराला मध नकोच, असं सगळे डॉक्टर सांगतात. सहा महिने नुसतं आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर घरचं मऊ अन्न सुरू करायचं आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं. या घरात काय झालं? तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, दूध पुरत नाही, डबा आणा. डबा आला, लेकरू आईला कमी लागलं, लेकरू कमी लागलं म्हणून दूध कमी झालं, दूध कमी म्हणून दुसरा डबा! लेकरू जितकं पितं तितकं दूध येतं, ही देवाची योजना. सरकारनं १९९२ साली कायदा करून या डब्यांच्या जाहिरातीला बंदी घातली, ती काय उगाच?

पण इथं एक सांगतो, नीट ऐका. एखादी माउली आजारी असते, एखादं लेकरू आईविना असतं, एखाद्या बाईला खरंच दूध येत नाही. तिच्यासाठी डबा म्हणजे औषध आहे. तिला कुणी बोल लावायचा नाही. सासूबाईंनी तर नाहीच नाही! आणि ज्याला डबा द्यावाच लागतो, त्यानं डब्यावर लिहिलंय त्याच मापानं द्यायचा. डबा पुरवायला म्हणून पाणी वाढवतात, दोन चमच्यांच्या जागी एक टाकतात. लेकराचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि अंग वाळत जातं. पैसे वाचत नाहीत, लेकरू हातचं जातं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, तो स्वच्छ घासता येतो. आणि चालू असलेला डबा माझं कीर्तन ऐकून उद्या एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

दुसरी गोष्ट, खाऊ. नाचणीचं सत्त्व, मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, वर तूप, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, रताळं. वर्षाच्या आत वरचं मीठ नको, साखर नको. महिन्याला सहाशे रुपयांत होतं. पाकिटावरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोचे पैसे वाचतात.

तिसरी गोष्ट, डायपर. रात्री वापरा, प्रवासात वापरा, वारीत तर वापराच! पण दिवसभर घरी जुन्या धोतराची, सुती लुगड्याची लंगोटं काय वाईट? मात्र ती धुवायची कुणी? सगळी तिच्याच अंगावर टाकायची असतील तर माझं नाव सांगून बचत करू नका. बापानं चार लंगोटं पिळली तर माळ बाटत नाही. देवानं जनाबाईच्या घरी दळण दळलं, असं आपण गातो ना?

आम्ही दोघांनी त्या रात्री बसून हिशोब केला. डायपर दिवसाला एकावर आणले, १,२०० वाचले. खाऊचे ३००. साबण-पावडरीतले ४००, कारण लेकराला पावडर लागतच नाही. मावा सोडला, ९००. झाले २,८००. दवाखान्याला हात लावला नाही. डबे तसेच ठेवले, ते डॉक्टर सांगतील तसे कमी होतील. त्या २,८०० मधून रोज अर्धा लिटर दूध, ३० रुपयांचं, आई आणि ताईसाठी. त्याचे ९००. आईसाठी डाळ, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी यांचे ५००. तरी १,४०० शिल्लक! पगार वाढला नाही, ओव्हरटाइम वाढला नाही, आणि ज्यांचं नाव वहीत नव्हतं त्या दोघींची नावं वहीत आली.

चौथी गोष्ट, जी दोरी आधीच तुमच्यासाठी वळून ठेवलेली आहे ती घ्या. अंगणवाडी १९७५ पासून देशात सुरू आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या लेकराला तिथं ताजं शिजवलेलं. गरोदर आणि पाजणाऱ्या आईलाही आहार आहे. काही घरी तो पुडा कुठं जातो, मला माहीत आहे. म्हशीच्या घमेल्यात! म्हैस धष्टपुष्ट आणि लेकरू काडी! अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. लेकराचं जन्माचं वजन पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हायला पाहिजे. तो काटा हाच खरा हिशोब. खर्च किती झाला यापेक्षा वजन किती वाढलं ते लिहा.

लस सरकारी दवाखान्यात, उपकेंद्रात फुकट. जन्मल्यावर, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, दीड वर्ष, या वेळा चुकवू नका. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत, सिझेरियन झालं तरी मोफत. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेत पात्र आईला ५,००० मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००. आपल्या महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, लेक लाडकी योजना आहे. जन्माला ५,००० आणि पुढं टप्प्याटप्प्यानं, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. आशाताईंना विचारा, कागद वेळेवर द्या. फुकट घ्यायला लाज वाटते आणि कर्ज काढून डीजे लावायला लाज वाटत नाही, हा कुठला न्याय?

कर्जावरून आठवण झाली. तुकोबारायांचं घर सावकारीचं, दुकानदारीचं. दुष्काळ पडला. चरित्रकार सांगतात, त्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. लेकराच्या तोंडात घालायला दाणा नसणं म्हणजे काय, हे त्यांनी भोगलं होतं. मग काय केलं? लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं इंद्रायणीत सोडली. भावाचा वाटा भावाला दिला, आपल्या वाट्याची बुडवली. ज्या महापुरुषानं दुसऱ्याच्या मानेवरचं कर्ज पाण्यात सोडलं, त्याच्या नावाचा जयघोष करून आपण हौसेसाठी स्वतःच्या मानेवर कर्ज चढवून घ्यायचं? आता वर्षाचा वाढदिवस येईल, जावळ येईल. त्या पोरानं माझ्यासमोर माळेला हात लावला, वाढदिवसाला कर्ज नाही. पाच सवंगडी, शिरा आणि हरिपाठ. लेकराला तेवढंच कळतं, आणि तेवढंच पुरतं.

आता कथा पुढं नेऊ. उखळाला बांधलेला देव रांगत रांगत निघाला. अंगणाबाहेर दोन अर्जुनवृक्ष. ते कोण? नलकूबर आणि मणिग्रीव, कुबेराची मुलं! धनाच्या देवाची पोरं. पैशाच्या मदात निर्लज्ज झाली, नारदांनी शाप दिला, झाडं होऊन उभी राहिली. डोळे आहेत का झाडाला? कुणाकडे बघता येतं का? पैसा डोक्यात गेला की माणसाचं तेच होतं, ताठ उभा, कुणाकडे वळणं नाही. त्यांना सोडवलं कुणी? लेकरानं! आईनं उखळाला बांधलेल्या लेकरानं. उखळ दोन झाडांत अडकलं, ओढलं, झाडं कोसळली, आतून दोन सुंदर पुरुष बाहेर आले, हात जोडून उभे राहिले.

मायबाप हो, आपण म्हणतो लेकरामुळं आपण अडकलो. कथा उलटी आहे. लेकरू आपल्याला सोडवायला येतं. ज्याचा मावा कुणाच्या सांगण्यानं सुटला नाही, त्याचा लेकराच्या वाटीसाठी सुटतो. जो कधी घरी लवकर आला नाही, तो रांगतं लेकरू दारात बघायला धावत येतो. झाड वाकलं! कुबेराचं पोर सुटलं!

आणि आता ती दोन बोटं. दोरी पुरली कधी? यशोदेनं आणखी लांब दोरी आणली तेव्हा? नाही. भागवतकार सांगतात, देवानं आईकडे बघितलं. अंगाला घाम सुटलाय, वेणीतली फुलं गळून पडलीत, आई दमलीय. ते बघून देवाला दया आली आणि तो आपण होऊन बांधून घेतला गेला. जुनी जाणती माणसं सांगतात, एक बोट माणसाच्या कष्टाचं, एक बोट देवाच्या कृपेचं. पण मी म्हणतो, कृपेची सुरुवात कशात आहे? दमलेल्या आईकडे बघण्यात! जे देवाला दिसलं ते घरातल्या माणसाला दिसत नाही. रात्री तीनदा उठणारी, पहाटे भाकरी थापणारी, शेतात किंवा कंपनीत जाऊन परत येऊन लेकराला घेणारी. तिच्याकडे एकदा बघा. लेकरू एक तास तुम्ही घ्या. त्या तासाला दुकानात दाम नाही, आणि त्याच्याइतकं लेकराच्या अंगी लागणारं टॉनिकही नाही.

म्हणून चुलीवरचं दूध उतू जात असलं तरी लेकराला खाली ठेवण्याआधी विचार करा. चार थेंब जातील, जाऊ द्या.

आता काला करायचा. काल्यात काय करतात? कुणाच्या शिदोरीत दही, कुणाच्या शिदोरीत नुसतं लोणचं, कुणाची भाकरी शिळी. देवानं सगळ्यांची एकत्र कालवली आणि प्रत्येकाच्या तोंडात घास घातला. कुणाचं दही म्हणून जास्त नाही, कुणाचं शिळं म्हणून कमी नाही. गावी गेल्यावर हाच काला करा. शेजारी बाळंतीण असेल तिला वाटीभर सार, मूठभर डिंकाचे लाडू पोचवा. आपल्या लेकराचे लहान झालेले कपडे धुऊन पुढच्या लेकराला द्या. घरात मुलगा-मुलगी असतील तर वाटी सारखी भरा. ज्या घरात प्रत्येकाच्या वाटीत सारखं पडतं, त्या घरात दोरी दोन बोटं कमी पडली तरी देव आपण होऊन बांधला जातो.

आयाबायांनो, कडेवरची लेकरं पुढं आणा. पहिला घास त्यांना. ज्यांना दात नाहीत त्यांच्या ओठाला नुसतं बोट लावा, त्यांच्या वाट्याचं त्यांच्या आईला द्या!

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! गोपाळकृष्ण भगवान की जय!